माकडउड्या

“हे माकडउड्यांचं मला शिकव,” आई म्हणाल्या.

मी पियानोवरची पुस्तकं आवरत होते. स्नेहल नावाची माझी विद्यार्थिनी शिकवणी संपवून नुकतीच सायकलवरून गेली होती आणि नेहमीप्रमाणे फाटक उघडं टाकून गेली होती. आई ते लावायला उठतील आणि परत येऊन ‘आजकालच्या मुली’ असं काहीतरी म्हणतील, एवढीच माझी अपेक्षा होती. त्या उठल्या, फाटक लावून आल्या, आणि पियानोच्या कडेला उभं राहून त्यांनी हे वाक्य टाकलं.

“कुणाला शिकवू?” मी विचारलं.

“मला. दुसरं कोण आहे इथे?”

आई म्हणजे माझ्या सासूबाई, एस्तेर मकासरे. नगरच्या एका मिशन दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. सगळी गल्ली त्यांना मेट्रनबाई म्हणायची. त्या वॉर्डात शिरल्या की तरुण डॉक्टर एप्रनची बटणं लावायचे, असं लोक सांगत, आणि त्यांच्याबरोबर तीन वर्षं राहिल्यावर मला ते खरं वाटत होतं. आमच्या घरातल्या पलंगांवरच्या चादरी अशा ताणलेल्या असत की बसायला भीती वाटावी.

आणि त्यांना शिकायच्या होत्या माकडउड्या! पुस्तकात त्या तुकड्याला नावच नव्हतं, नुसता आकडा होता. चार-पाच वर्षं पियानो शिकलेल्या मुलांसाठी लिहिलेला दोन पानांचा अभ्यास. उजवा हात मधल्या पट्ट्यांवर टुणटुण उड्या मारत राहतो, आणि डावा हात मधूनच त्याच्यावरून झेप घेऊन वरच्या टोकाचा एकच सूर घेऊन येतो, शेजाऱ्याच्या कुंपणावरून पेरू तोडून पळावं तसा. मुलं त्याला माकडउड्या म्हणायची आणि तो वाजवताना हमखास हसायची.

“आई, हे जरा अवघड आहे हं,” मी म्हटलं. “आधी एखादं सोपं घेऊ या का?”

“मला नोटेशन वाचता येतं. नर्सिंगच्या होस्टेलात सिस्टरांनी शिकवलं होतं. रोजच्या प्रार्थनेला मीच वाजवायचे.”

ते मला माहीत होतं. चर्चचे ऑर्गनवाले हिवाळे सर आजारी पडले की आईच गीतं वाजवत. अगदी बरोबर वाजवत, आणि अगदी सावकाश. गीताचं एक कडवं संपेपर्यंत मागच्या बाकावरची मुलं पेंगायला लागत.

“दोन अटी आहेत,” त्या म्हणाल्या. “विनयला कळता कामा नये. आणि त्याच्या वाढदिवसापर्यंत झालं पाहिजे.”

विनय म्हणजे माझा नवरा. त्याचा वाढदिवस मे महिन्याच्या अखेरीस असायचा. नुकताच ईस्टर होऊन गेला होता.

“बरं,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पण मला ते आवडलं नाही. त्याला कारण होतं.

त्याच्या आधीच्या आठवड्यात मला निलगिरीच्या डोंगरातल्या एका निवासी शाळेतून फोन आला होता. तिथल्या मुख्याध्यापिका, मिस थॉमस, मला पुण्याच्या एका गायनमेळाव्यात भेटल्या होत्या. त्यांना संगीताला शिक्षिका हवी होती. विनय इथल्या हायस्कुलात गणित शिकवतो हे कळल्यावर त्या म्हणाल्या, “मग दोघंही या. गणिताचीही जागा आहे. राहायला घर देऊ.” तिथे तीन पियानो होते, मुलांचा गायकवृंद होता, आणि मला जे शिकवावंसं वाटत होतं ते सगळं होतं. नगरला माझ्याकडे सात मुलं यायची, आणि त्यातल्या चौघांना आयांनी बळेच पाठवलेलं असायचं.

त्या संध्याकाळी मी आणि विनय गच्चीवर वाळलेल्या कुरडया गोळा करत होतो. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, हातातली कुरडई मोडली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

“तुला जावंसं वाटतंय?” त्याने विचारलं.

“तुला?”

“वाटतंय,” तो म्हणाला. मग कठड्याला टेकून उभा राहिला. “पण आई.”

“आपण त्यांना बरोबर नेऊ.”

“ती नाही येणार. इथे तिची माणसं आहेत. पपांची कबर आहे. दर रविवारी फुलं घेऊन जाते.”

“निदान विचारून तर बघू.”

“विचारलं तर ती लगेच ‘जा’ म्हणेल. आणि मग? लीना, पपा गेले आणि त्याच वर्षी ती निवृत्त झाली. तो हिवाळा तू बघितला नाहीस. ती पहाटे उठून कपाटातल्या सगळ्या चादरी बाहेर काढायची, घड्या मोडायची, पुन्हा घालायची. दुपारी परत तेच. मी शाळेतून आलो की पलंगावर चादरींचा ढीग, आणि ती त्याच्याशेजारी बसलेली. माझ्याशी बोलायचीसुद्धा नाही. आपलं लग्न झालं, तू आलीस, हा पियानो आला, घरात मुलं यायला लागली, तेव्हा कुठे ती माणसात आली.”

कुरडया टोपलीत भरून आम्ही खाली आलो. जाणार नाही, असं आम्ही शब्दांत ठरवलं नाही, पण ठरल्यासारखंच झालं. फक्त मिस थॉमसना नकार कळवायचा फोन मी आज करू, उद्या करू, असं म्हणत पुढे ढकलत राहिले.

आणि आता आई म्हणत होत्या, मला शिकव. मला वाटलं, झालं. आता आपण खुंटीला पक्के बांधलो गेलो.

दुसऱ्या दिवशी विनय सुट्टीतले जादा तास घ्यायला शाळेत गेला, आणि त्याच्या स्कूटरचा आवाज वळणावर विरायच्या आत आई पियानोसमोर येऊन बसल्या. आंघोळ झालेली, केस चापूनचोपून बसवलेले, घड्याळ काढून समोर ठेवलेलं. शस्त्रक्रियेलाच बसल्यासारख्या.

पहिली ओळ त्यांनी वाचून वाजवली. एकही सूर चुकला नाही. पण ऐकताना वाटलं, कोणीतरी जिन्यावरून पोती खाली आणतंय.

“बरोबर आहे ना?” त्यांनी विचारलं.

“सूर बरोबर आहेत. पण हे बघा, प्रत्येक सुरावर एक ठिपका आहे. त्याला स्टॅकाटो म्हणतात. सूर तोडायचा. लागला न लागला तोच बोट उचलायचं.”

त्यांनी पुन्हा वाजवलं. आता पोती जरा जोरात आपटली.

“दाबू नका, आई.”

“दाबल्याशिवाय वाजेल कसं?”

“दाबायचं, पण राहायचं नाही तिथे.”

“म्हणजे इंजेक्शनसारखं?”

“नको! इंजेक्शन नको,” मी म्हटलं. बिचाऱ्या पट्ट्यांची मला दया आली.

चार-पाच दिवस असेच गेले. त्या रोज न चुकता बसायच्या, रोज सगळे सूर बरोबर यायचे, आणि रोज माकडांच्या जागी बैल चालायचे. मी त्यांना चेंडू उसळवून दाखवला. टेबलावर बोटं नाचवून दाखवली. त्या लक्ष देऊन बघायच्या, मान हलवायच्या आणि परत पोती आणायच्या.

मग एका सकाळी मी आत भाजी चिरत होते आणि त्या बाहेर रविवारची पांढरी साडी इस्त्रीला घेऊन बसल्या होत्या. एकदम हाक आली.

“लीना! इकडे ये लवकर!”

भाजलं की काय म्हणून मी धावले. त्या इस्त्री हातात घेऊन उभ्या होत्या आणि चेहरा असा की जणू हरवलेली किल्ली सापडली.

“हे बघ.” त्यांनी बोटाचं टोक जिभेला लावलं, इस्त्रीच्या तळाला टेकवलं आणि झटकन काढलं. चर्र. “हेच ना? तापली का ते बघताना कोणी बोट ठेवून बसतं का?”

“हेच!” मी म्हटलं.

इस्त्री तशीच उभी करून त्या पियानोकडे गेल्या. मी आधी इस्त्रीचं बटण बंद केलं, तेवढ्यात पियानो वाजायला लागला. पहिली ओळ, सावकाश, अडखळत, पण प्रत्येक सूर असा उडत होता की जणू खरंच पट्ट्या तापल्या आहेत. आई स्वतःशीच पुटपुटत होत्या, “चटका, चटका, चटका.”

त्या दिवसापासून मला शिकवणी आवडायला लागली. खरं तर वाटच बघायला लागले. विनय गेला की मी चहा ठेवायची, आणि आम्ही दोघी कप पियानोपासून लांब खिडकीत ठेवून बसायचो, कारण पियानोवर कप ठेवलेला आईंना चालायचा नाही. पियानो माझ्या वडिलांनी दिलेला असला तरी नियम आईंचे होते.

डाव्या हाताच्या झेपेने आणखी एक आठवडा खाल्ला. उजव्या हातावरून जाताना आईंचं कोपर त्यांच्याच छातीत अडायचं, पदर पट्ट्यांवर यायचा, आणि वरचा सूर हमखास शेजारचा लागायचा.

“कुठे बघू? हाताकडे की कागदाकडे?”

“जिथे जायचंय तिथे. पोचायच्या आधीच.”

“वॉर्डात मुलींना मी हेच सांगायचे,” त्या म्हणाल्या. “ट्रेकडे बघत चालू नका, रोग्याकडे बघत चाला. म्हणजे सांडत नाही.” आणि पदर कमरेला खोचून पुन्हा झेप घेतली. या वेळी सूर बरोबर लागला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी टाळ्याच वाजवल्या. त्या म्हणाल्या, “पुरे, पुरे. लहान आहे का मी?” पण पुढचा तासभर त्या तीच एक झेप घेत बसल्या.

खरं भांडण झालं ते शेवटच्या ओळीवरून.

त्या तुकड्याच्या शेवटी एक गंमत आहे. दोन्ही हात पळत पळत वर जातात, आता टोकाला पोचणार एवढ्यात सगळं थांबतं. पूर्ण एक माप, म्हणजे चार ठोके, काहीच नाही. आणि मग अगदी हळू, दोन सूर, कोणी दाराआडून ‘भो’ करावं तसे. संपलं.

“इथे काय करायचं?” आईंनी त्या रिकाम्या मापावर बोट ठेवून विचारलं.

“काही नाही. थांबायचं.”

“किती?”

“मोजलं तर चार. पण जरा जास्तच थांबायचं. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की तुम्ही पुढचं विसरलात.”

आईंनी हात मांडीवर ठेवले. “मी का विसरल्यासारखं दाखवू?”

“गंमत आहे ती.”

“यात कसली गंमत? माणूस विसरलं की समोरचा घाबरतो. मी सगळ्या नोकरीत एकदासुद्धा कुणाला असं वाटू दिलं नाही. आठवत नसलं तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, हे मी मुलींना शिकवलं.”

“हा दवाखाना नाही, आई.”

“मला माहीत आहे तो दवाखाना नाही.” त्यांचा आवाज चढला. “मी चारच मोजणार.”

“मग ते नीरस होईल.”

“होऊ दे. वाढदिवसापर्यंत बरोबर तर होईल.”

मला राग आला. उन्हाची वेळ, पंखा गरम हवा फेकत होता, आणि त्या मिस थॉमसना मी अजूनही फोन केलेला नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, “एवढी कसली घाई आहे? या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी जमेल. मी कुठे जाणार आहे? इथेच तर आहे!”

आईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. पण त्यांनी पान उलटलं.

“पहिल्यापासून घेते,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पियानोकडे आल्या नाहीत. ‘आज डोकं दुखतंय’ म्हणाल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘हरभरे निवडायचे आहेत’ म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी विनय गेल्यावर मी चहा ठेवला, दोन कप भरले आणि त्यांना बोलवायला त्यांच्या खोलीत गेले.

कपाट उघडं होतं. पलंगावर चादरींचा ढीग होता. आई त्याच्याशेजारी बसून एका चादरीची घडी मोडत होत्या.

विनयने सांगितलेलं सगळं समोर होतं, तसंच्या तसं.

“आई, चहा.”

“ठेव तिथे.”

“आज बसायचं नाही का?”

“नाही जमणार ते मला, लीना,” त्या म्हणाल्या. चिडून नाही. त्याचंच मला वाईट वाटलं. “शिकण्याचं वय गेलं. उगाच तुझा वेळ घेतला.”

मी काय बोलायला हवं होतं कोण जाणे. त्यांची समजूत घालायची माझी प्राज्ञा नव्हती. समजूत घालणं हे त्यांचं काम, सगळ्या गल्लीची त्याच घालत आल्या होत्या. मी बाहेर आले आणि दुसरं काही सुचेना म्हणून पियानोपाशी बसले. माकडउड्या वाजवायला लागले. मन कुठे थाऱ्यावर होतं? तिसऱ्या ओळीत डाव्या हाताच्या झेपेला मी डावा हात उचललाच नाही, सरळ उजव्यानेच वरचा सूर घेऊन टाकला, तेवढ्यापुरत्या खालच्या उड्या तुटल्या. सोपं पडतं तसं. चोरटा मार्ग.

“डावा!” आतून आवाज आला.

मी थांबले.

“डावा हात जातो तिथे! उजवा कसा लावलास?”

“चुकलं,” मी म्हटलं. आणि पुन्हा वाजवताना, देवाशपथ सांगते, मुद्दाम नव्हे, पण लक्ष त्या ढिगाकडेच होतं म्हणून, पुन्हा तेच केलं.

आई दारात आल्या. हातात अर्धवट घडी केलेली चादर होती. “शिकवतेस तू आणि तुलाच येत नाही? ऊठ. ऊठ तिथून.” चादर त्यांनी खुर्चीवर टाकली. टाकली, ठेवली नाही. आणि मला बाकावरून ढकलल्यासारखं सरकवून त्या बसल्या. तिसरी ओळ. झेप. सूर. परत. मग चौथी, पाचवी, दुसरं पान. शेवटाला दोन्ही हात वर पळाले आणि थांबले.

त्या थांबल्या. मी मनात मोजलं. चार झाले. त्या थांबलेल्याच. मला खरंच वाटलं की विसरल्या. मी पुढचा सूर सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनी माझ्याकडे तिरकं बघितलं आणि ते दोन सूर हळूच वाजवले.

“घाबरलीस ना?” त्या म्हणाल्या.

त्यांना असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. चहाचे दोन्ही कप निवून गेले. चादर दिवसभर खुर्चीवर पडून होती. संध्याकाळी मीच तिची घडी घातली.

विनयच्या वाढदिवशी आम्ही तिघंच होतो. मटणाचा रस्सा आणि भाकरी झाली. जेवण झाल्यावर विनय खुर्चीत जरा सैल बसला, आणि आईंनी हात पुसले, पदर खोचला, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

“काय गं आई, कुणाला टोचणार आहेस?” विनय म्हणाला.

“गप्प बस,” असं म्हणून त्या पियानोपाशी गेल्या.

त्याला वाटलं, एखादं गीत असेल. तो आदराने जरा ताठ झाला. आणि मग माकडं सुटली. विनय आधी आईच्या हातांकडे, मग माझ्याकडे, मग परत हातांकडे बघायला लागला. डावा हात पहिल्यांदा उजव्यावरून उडाला तेव्हा त्याच्या तोंडून “अरे!” निघालं. मधे दोन चुका झाल्या. आई थांबल्या नाहीत. मुळात त्या स्वतःच्या चुकीवर थांबल्या नाहीत याचंच मला आश्चर्य वाटलं.

शेवटी हात वर पळाले आणि थांबले. शांतता. विनयचा चेहरा उतरला. तो खुर्चीवरून अर्धा उठला, “असू दे आई, छान झालं...” असं म्हणू लागला, आणि तेवढ्यात आईंनी मान वळवून त्याच्याकडे बघत ते दोन सूर वाजवले.

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. आई पाणी द्यायला उठल्या, त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि मग समोरची खुर्ची ओढून बसल्या.

“आता मी बोलते, तुम्ही दोघं ऐका,” त्या म्हणाल्या. “त्या डोंगरातल्या शाळेला होकार कळवायचा आहे. आज.”

विनयचं हसू थांबलं. “तुला कोणी सांगितलं?”

“त्या दिवशी मी टोपली घ्यायला जिन्यापर्यंत आले होते. तुम्ही गच्चीवर बोलत होता. आणि त्या मिस थॉमसचा फोनही आला मधे. लीना बाजारात गेली होती.”

“तुम्ही काय सांगितलंत?” मी विचारलं.

“सांगितलं, लीनाला यायचं आहे. पण तिच्या एका विद्यार्थिनीची परीक्षा राहिली आहे. ती झाली की कळवेल. त्या म्हणाल्या, अशी जबाबदार शिक्षिका असेल तर आम्ही थांबू.”

“परीक्षा कसली?” विनयने विचारलं.

“माझी.” आईंनी टेबलावरचं घड्याळ उचललं, पण हातात घातलं नाही. “विनय, तो हिवाळा तुला आठवतो, तसा मलाही आठवतो. मी काय करत होते ते मला कळत होतं. थांबता येत नव्हतं, एवढंच. ती सगळी मला येणारी कामं होती रे. हात चालायचे आणि डोकं रिकामं राहायचं. मला वाटलं, न येणारं काहीतरी पाहिजे. सकाळी उठल्यावर ज्याचा राग येईल असं काहीतरी. म्हणून हे घेतलं. जमलं तर तुम्हाला जा म्हणायचं. आणि नाही जमलं तर गप्प बसायचं, मी काही ऐकलंच नाही असं समजून.”

विनयने आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

“मधे चादरी काढल्या तेव्हा मी हरले होते,” आई म्हणाल्या. “लीनाने बघितलं ना. पण हिने तो भलताच हात लावला आणि माझ्याच्याने बसवेना. बाहेर आले. तेव्हाच कळलं, मी एकटी राहीन. चादरी सोडून उठावंसं वाटेल असं घरात काहीतरी आहे.”

“तू पण चल ना आमच्याबरोबर,” विनय म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

“दर मे महिन्यात येईन. चांगली महिनाभर राहीन आणि तुमच्या चादरी बघून तुम्हाला बोलेन. पण माझं घर इथे आहे.” मग त्या माझ्याकडे वळल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा अडखळला. “हिवाळे सरांना विचारलंय. आठवड्यातून दोनदा शिकवायला येतील. फक्त हा पियानो... तो तुझ्या वडिलांनी दिलेला आहे. मी मागू नये. नाही म्हणालीस तरी मी समजेन.”

इतके दिवस मला वाटत होतं, ही बाई मला बांधते आहे. आणि ती सकाळी सकाळी पदर खोचून, घाम गाळून, एकेक गाठ सोडवत होती. मी होकाराची मान हलवली आणि त्यांच्या गळ्यात पडले. त्या क्षणभर ताठ राहिल्या, सवयच नव्हती त्यांना. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. उड्यांचा नव्हे, चांगला जड, भक्कम हात.

“आता फोन कर,” त्या म्हणाल्या. “परीक्षेचा निकाल लागला म्हणून सांग.”

आम्ही जूनच्या सुरुवातीला निघालो. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आई पुढे खूप जगल्या, दर मेमध्ये आमच्याकडे आल्या, शाळेतल्या मुलांनी त्यांच्यापुढे उभं राहताना शर्टाची बटणं लावली. पण मला त्यांची आठवण येते ती आम्ही निघालो त्या सकाळची.

सामान रिक्षात भरून झालं होतं. त्याच वेळी हिवाळे सर सायकल टेकवून आत गेले. आईंनी त्यांना नेमकी तीच वेळ दिली होती. आम्ही दोघं फाटकापाशी उभे होतो. आतून पियानो सुरू झाला. काहीतरी नवीन होतं, माझ्या ओळखीचं नव्हतं. पहिल्याच ओळीत त्या चुकल्या. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच चुकल्या.

“मी आत जाऊन येतो,” विनय म्हणाला. “एकदाच. नीट भेटलोच नाही.”

“थांब,” मी म्हटलं. “ओळ संपू दे.”

रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. आत पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, आणि या वेळी ओळ शेवटापर्यंत गेली. विनयने फाटकाला हात लावला. तेवढ्यात पियानो थांबला आणि खिडकीतून आईंचा खणखणीत आवाज आला.

“अजून गेला नाहीत? गाडी चुकेल तुमची! आणि फाटक लावून घ्या!”